डहाणूहून झरीपर्यंत, पायी

जन्मभर चालणे हाच ज्याचा उद्योग, असा एक इंग्रज कलावंत २००३ साली डहाणूच्या वारली मुलखात येऊन गेला. रिचर्ड लाँग हे त्याचे नाव. १९६७ मध्ये, कलाशाळेत शिकत असताना, इंग्लंडमधल्या एका गवताळ मैदानावर तो एकाच रेषेत पुन्हा पुन्हा ये-जा करत राहिला. गवत दबून जी सरळ रेघ उमटली तिचा फोटो काढला आणि तीच आपली कलाकृती म्हणून मांडली. पुढे १९८९ मध्ये त्याला ब्रिटनचा मानाचा टर्नर पुरस्कार मिळाला. असा माणूस डहाणूपर्यंत आला तो वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यासाठी. दोघांचे एकत्र प्रदर्शन आधी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला आणि नंतर इटलीत मिलानला भरले.

मशे मूळचे तलासरी तालुक्यातल्या धामणगावचे. लहानपणी घरच्यांपासून तुटल्याचा धक्का असा बसला की या मुलाने बोलणेच सोडले. कित्येक वर्षे तो मातीत बोटाने रेघा काढून काय हवे-नको ते सांगत असे. अकराव्या वर्षी डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर आला आणि तिथलाच झाला. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली चित्रे भिंतीवरून कागदावर आणवली, तेव्हा या माणसाचा हात सगळ्यांच्या पुढे निघाला. २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये निधन. त्यांच्या चित्रांत सहसा कुणी नुसते उभे नसते. माणसे, मुंग्या, बैल, पाखरे, झालेच तर आगगाडी, सगळे कुठे ना कुठे निघालेले. जे जे जिवंत आहे ते हलते, असे ते भेटायला येणाऱ्यांना सांगत.

चालण्याने मनाचे बरे होते का, हा प्रश्न सध्या शहरांत फार विचारला जातो. तो विचारण्यासाठी डहाणू-तलासरीइतकी योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल, कारण इथे चालण्याचे सगळे प्रकार एकाच पट्ट्यात भेटतात: हौसेचे, नवसाचे, कामाचे, लढ्याचे आणि नाइलाजाचे.

हौसेपासून सुरुवात करणे सोपे. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली आणि मुंबईचा चालणारा माणूस शनिवार-रविवारी इथे दिसू लागला. स्टेशनातून बाहेर पडले, बाजार ओलांडला की पारनाका आणि समोर समुद्र. इथून उत्तरेला नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डी असा सुमारे सतरा किलोमीटरचा किनारा जवळजवळ सलग आहे. एका बाजूला सुरूची झाडे, मागे चिकूच्या वाड्या, मध्येच पारशी-इराण्यांचे जुने बंगले. ओहोटीला पाणी इतके मागे जाते की समुद्र शोधावा लागतो. वाळू बऱ्याच ठिकाणी काळसर आणि टणक आहे, त्यामुळे पाय रुतत नाही. मात्र निघण्याआधी तिथी बघावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, वाळू नाहीशी होते आणि चालणाऱ्याला सुरूच्या मुळांवरून किंवा सरळ रस्त्याने जावे लागते. कोळीवाड्यात कुणालाही विचारले तर वेळ तोंडपाठ सांगतील.

ही हिरवाई आपोआप टिकलेली नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर मर्यादा घातली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. औष्णिक वीज केंद्राची चिमणी दिसते, तरी वापी किंवा बोईसरसारखी कारखान्यांची रांग इथे उभी राहिली नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या वाड्या शाबूत राहिल्या म्हणून. आता दक्षिणेला वाढवण बंदराचे काम आहे. ७६ हजार कोटींच्या वर खर्चाचा हा प्रकल्प आणि त्याला मच्छीमारांचा विरोध. पुढच्या पिढीला हा किनारा कसा चालायला मिळेल, हे त्यावर बरेचसे ठरेल.

या किनाऱ्यावर चालताना डोक्यात नेमके काय होते? २०१५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी ३८ जणांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना झाडे-गवत असलेल्या माळावर दीड तास चालायला लावले, निम्म्यांना गर्दीच्या हमरस्त्याच्या कडेने. माळावरून आलेल्यांच्या मनात तेच ते विचार घोळणे कमी झालेले दिसले. मेंदूच्या ज्या भागाचा या घोळण्याशी संबंध जोडला जातो त्याची सक्रियताही कमी झाली होती. हमरस्त्यावाल्यांत तसा बदल नव्हता. हा प्रयोग डहाणूत वेगळा मांडायलाच नको: पश्चिमेला सुरूची बाग आहे, पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग. चारोटी नाक्यावर ट्रकांच्या धुरात दीड तास चालून कुणाचे मन हलके झाल्याचे ऐकिवात नाही.

संशोधनाची दुसरी बाजूही पाहायला हवी. २०२४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात १४ हजारांहून अधिक नैराश्यग्रस्त लोक होते. चालणे किंवा हलके धावणे, योग आणि ताकदीचे व्यायाम यांचा चांगला उपयोग दिसला. व्यायामाचा जोर वाढला की फायदाही वाढला. त्याच वर्षी रोजच्या पावलांच्या अभ्यासांचा आढावा निघाला आणि दिवसाला सात हजारांवर पावले टाकणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण कमी आढळले. या दुसऱ्या गोष्टीत एक गोम आहे. ज्याचे मन खचलेले आहे तो मुळात घराबाहेरच पडत नाही. मग चालल्यामुळे मन बरे राहिले की मन बरे म्हणून चालणे झाले, हे नुसती पावले मोजून सांगता येत नाही. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणे अशक्य झाले आहे त्याला ‘जरा फिरून ये’ असे सांगणे हा सल्ला नव्हे, टोमणा आहे. अशा वेळी डॉक्टर हवा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

बोर्डीला पोचल्यावर बहुतेक जण शहाळे पितात आणि परततात. त्यांनी थोडे पुढे जावे. बोर्डीच्या पलीकडे झाई. हे तलासरी तालुक्यातले समुद्रकाठचे गाव, त्यापुढे गुजरात. आत वळले तर बारडाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्याकडे बाहरोटच्या गुहा आहेत. पारशांच्या संजाण या वस्तीचा पाडाव झाल्यावर त्यांचे धर्मगुरू इराणशाह हा पवित्र अग्नी घेऊन या डोंगरावर आले आणि १३९३ पासून बारा वर्षे त्यांनी तो इथे जपला, अशी परंपरा आहे. नंतर तो वांसद्याला गेला. आज तो उदवाड्याला आहे, इथून फार लांब नाही. डोंगर चढताना झाडी दाट, वाट निसरडी आणि दिवाळीनंतरही घाम काढणारी. वर गुहा अगदी साध्या, कोरीव काम जवळजवळ नाही. नक्षी पाहायला आलेला निराश होतो. पण विझू नये अशी एक वस्तू सांभाळत माणसे इतक्या उंचीवर लाकडे वाहत होती, हे डोळ्यांसमोर आणले तर दम लागल्याची तक्रार करवत नाही. पारशी कुटुंबे आजही इथे चढून येतात, म्हातारी माणसेसुद्धा.

बोर्डी-कोसबाडच्या वाटांना आणखी एक इतिहास आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून अंगणवाडी जन्मली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारल्यांची मुले दिवसभर गुरांमागे असत, म्हणून कुरणशाळा निघाली: गुरे जिथे चरतील तिथे शिक्षिका जाणार. थोडक्यात, देशभर पसरलेल्या एका योजनेचा पाया शिक्षिकांच्या पायपिटीने घातला. या चालण्याला कुणी उपचार म्हटले नाही. ज्या मुलाकडे शाळेने कधी पाहिलेही नव्हते, त्याच्यासाठी कुणीतरी उन्हातून चालत येते, हे त्या मुलाच्या मनाला काय देऊन गेले असेल, याची मोजणी झालेली नाही.

आता पूर्वेकडे. डहाणूहून आशागड, गंजाड करत चारोटीला जाणारा रस्ता वीस-पंचवीस किलोमीटरचा आहे. वाहनांचा त्रास नको असेल तर पाड्यापाड्यांतून जाणाऱ्या पायवाटा आहेत, पण त्या नकाशावर सापडत नाहीत. विचारत जावे लागते. भात कापून झाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शेतातून आडवे जाता येते. घरांच्या कुडाच्या भिंती, वर कौले किंवा आता पत्रे, दारात कोंबड्या. कुणी लग्नघरात भिंतीवर चौक लिहीत असेल तर न विचारता मोबाइल पुढे करू नये. हातात पाण्याचा तांब्या मिळतो, आणि बरोबर तीन प्रश्न मिळतात: कुठून आलात, कुणाकडे चाललात, चालत का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना शहरी माणूस अडखळतो. मन हलके व्हावे म्हणून, असे म्हटले तर समोरचा ऐकून घेतो आणि पुन्हा विचारतो, पण कुणाकडे?

तो प्रश्न बारकाईने घेण्यासारखा आहे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला चैत्रात येणाऱ्यांना तो कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. हे देऊळ चारोटीच्या उत्तरेला महामार्गालगत आहे. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस जत्रा चालते. पालघर, ठाणे, नाशिक जिल्ह्यांतून आणि गुजरातेतून माणसे येतात, त्यांतली कितीतरी पायी. देवीचे मूळ स्थान मुसळ्या डोंगरावर. गरोदर बाईला चढवेना म्हणून देवीच खाली आली, अशी कथा सांगतात. जत्रेत मध्यरात्री डोंगराच्या सुळक्यावर ध्वज चढवण्याचा मान वाघाडी गावच्या पुजारी घराण्याकडे आहे. अंधारात एक माणूस ध्वज घेऊन ती चढण धावत जातो आणि खाली हजारो जण वर बघत उभे असतात. ऊन, धूळ, कर्ण्यांचा गोंगाट, उघड्यावरची झोप. आरोग्याच्या कुठल्याही पुस्तकात बसणार नाही असा सगळा प्रकार. तरी परतणारी माणसे थकलेली दिसतात, त्रासलेली नाही.

याचा थोडा उलगडा प्रयागच्या माघ मेळ्यावरच्या एका अभ्यासातून होतो. भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मेळ्याआधी आणि मेळ्यानंतर कल्पवासींच्या, म्हणजे महिनाभर तिथे राहणाऱ्या यात्रेकरूंच्या, मुलाखती घेतल्या, शिवाय मेळ्याला न गेलेल्या गावकऱ्यांच्याही घेतल्या. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महिनाभर थंडीत, गर्दीत, तंबूत राहूनही कल्पवासींना आधीपेक्षा बरे वाटत होते. न गेलेल्यांत तसा फरक नव्हता. आजूबाजूचे सगळे आपलेच, ही जाणीव त्यामागे होती असे संशोधकांचे म्हणणे. स्टॅनफर्डच्या माळावर माणूस एकटा चालत होता आणि त्याला कुणाकडे जायचे नव्हते. चालण्याबद्दलचे बरेचसे संशोधन असेच आहे, कारण प्रयोगात एकट्याला मोजणे सोयीचे. डहाणूच्या पाड्यांवर मात्र एकटे आणि बिनकामाचे चालणे हाच अपवाद. इथे माणूस कुणाकडे तरी किंवा कुणासोबत तरी चालतो, आणि मनावरचा भार उतरण्यात पायांइतकाच त्या ‘कुणाचा’ वाटा असावा.

तलासरीकडे निघाल्यावर ही गोष्ट आणखी ठळक होते. पारतंत्र्याच्या काळात हा भाग उंबरगाव तालुक्यात मोडत होता. सावकार-जमीनदारांच्या शेतावर वारल्यांना फुकट राबावे लागे, त्याला वेठ म्हणत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही मालकाच्या घरी जन्माचे गडी होत, ते लग्नगडी. १९४५ च्या सुरुवातीला टिटवाळ्याच्या किसान परिषदेला इथले काही वारली गेले. त्यानंतर किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले. २३ मे १९४५ रोजी झरी गावात सभा झाली. पाच हजारांच्या आसपास माणसे पाड्यापाड्यांतून चालत आली होती. वेठ करायची नाही, दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचे नाही, असे ठरले. सभा संपली, माणसे आली तशी पायी परत गेली आणि जाता जाता निर्णय सांगत गेली. ना वर्तमानपत्र, ना रेडिओ. वाचणारेच कितीसे होते? लग्नगडी मालकांची दारे सोडून बाहेर पडू लागले.

गोदावरीबाई पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. त्या या जंगलात पायी हिंडल्या, रात्री वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, मिळेल ते खाल्ले. त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आंदोलनाचा वृत्तांत म्हणून ते वाचले जाते. पण त्यात एका समाजाच्या मनातून भीती कशी निघते याची नोंदही आहे, आणि मानसिक आरोग्याच्या अभ्यासकांनी ते हाती घ्यायला हरकत नाही. ही भीती सोडण्याची किंमतही मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोदावरीबाईंचे नाव पुढे करून खोटा निरोप पसरवण्यात आला. हजारो वारली अंतर तोडत जमले आणि रात्रभर थांबून राहिले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी काही जण गेले.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला किसान सभेचा मोर्चा निघाला, सुमारे १८० किलोमीटर. वनहक्काचे पट्टे ही मोठी मागणी. ठाणे-पालघरचे आदिवासीही त्यात होते. दहावीच्या परीक्षा चालू आहेत, मुलांना वाहतुकीचा त्रास नको, म्हणून सायनहून आझाद मैदानापर्यंतचा शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. तळपाय फाटलेल्या बायांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले, आणि मुंबईकर पहाटे चपला, पाणी, वडापाव घेऊन रस्त्यावर उभे राहिले.

म्हणून चालण्याचे गोडवे गाताना जपून. डोंगरपाड्यावरून उन्हाळ्यात हंडा घेऊन पाण्याला जाणारी बाई रोज भरपूर पावले टाकते. तिला त्याने शांत वाटते असे तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात, वसई-भिवंडीकडे, गुजरातकडे, होळीला परततात. पावले तीच, अंतरही तेच. फरक एवढाच, की एक जण निघायचे ठरवतो आणि दुसऱ्याला निघावे लागते. मनाला हा फरक पक्का कळतो.

कधी तर पायांखालची जमीनच दगा देते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. एकामागून एक, बहुतेक छोटे. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ रिश्टरचा होता. शास्त्रज्ञ अशा मालिकेला भूकंपझुंड म्हणतात. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे यंत्रे बसवली. लोक महिनोन् महिने थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपले. झोप मोडते, जरा कुठे पत्रा वाजला की छातीत धस्स होते, मुले आईला सोडत नाहीत; या त्रासासाठी कुठला डॉक्टर गावात येणार होता? संध्याकाळ झाली की शेजारपाजारचे एकत्र बसायचे, बोलत राहायचे, हाच काय तो आधार.

प्रत्यक्ष चालायचे तर एका दमात सगळे करू नये. पहिला दिवस किनाऱ्याचा, मुक्काम बोर्डीत; तिथे घरगुती सोय मिळते. दुसरा बारडाच्या डोंगराचा, गावातला वाटाड्या घेऊन आणि उतरताना अंधार होणार नाही अशा बेताने. तिसरा गंजाडकडे. तिथे अनेक घरांत चित्रकार आहेत, मशे यांच्या घरातली पुढची पिढीही रंगवते. चित्र घ्यायचे तर थेट घरातूनच घ्यावे, घासाघीस न करता. चारोटी ते तलासरी महामार्गाने चालण्यात शहाणपण नाही. एसटी किंवा इको गाडीने तलासरी गाठावी. तिथल्या कॉलेजला गोदावरी शामराव परुळेकरांचे नाव आहे. ते पाहून मग झरीची वाट धरावी. सकाळी सहा-सात वाजता तलासरी नाक्यावर उंबरगाव, सरिगाम, वापीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कामगारांची झुंबड असते. झरीला सोडशील का, असे एखाद्या गाडीवाल्याला विचारले तर तो आधी विचारेल, कुणाकडे? नाव सांगता आले तर उत्तम. नसेल तर चालत निघावे. वाटेत कुणी ना कुणी भेटतेच, आणि परतीला संजाण किंवा उंबरगाव स्टेशनवरून डहाणूकडची गाडी मिळते.